हत्तीच्या चित्राच्या तबकड्या

ज्यांनी हा भाग आधी व्हिडिओत ऐकला असेल त्यांना इथे काही मजकूर वाढलेला दिसेल. बोलताना मी घड्याळाकडे बघत असतो, लिहिताना तशी घाई नसते.

सुरुवात एका आवाजापासून करू. २५ ऑगस्ट १९५८, ठिकाण कोनाक्री. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच गिनीची ही राजधानी. त्या दिवशी तिथल्या विधानसभेत दोन भाषणं झाली. एक होतं सेकू तुरे या छत्तीस वर्षांच्या कामगार पुढाऱ्याचं, दुसरं जनरल द गॉल यांचं. द गॉल तेव्हा आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींच्या दौऱ्यावर निघाले होते. त्यांना नवी राज्यघटना मंजूर करून घ्यायची होती आणि वसाहतींनी फ्रान्सबरोबर एका 'समुदाया'त राहावं असा त्यांचा प्रस्ताव होता. बाकी बऱ्याच ठिकाणी हार मिळाले, कोनाक्रीत मात्र उत्तर मिळालं. तुरे म्हणाला, गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातली गरिबी आम्हाला पसंत आहे.

या भाषणाचं ध्वनिमुद्रण आहे. मला फ्रेंच अर्धंमुर्धं कळतं, कोश शेजारी घेऊन बसावं लागतं. पण हे ऐकायला कोश लागत नाही. तुरेचा आवाज चढत जातो, वाक्य संपायच्या आत टाळ्यांचा गदारोळ उठतो. त्यानंतर द गॉल उत्तर द्यायला उभे राहतात. थंड, सावकाश, एकेक शब्द मोजून ते सांगतात की गिनीला स्वातंत्र्य हवं असेल तर ते तिने जरूर घ्यावं, फ्रान्स आडवा येणार नाही, पण परिणाम भोगायची तयारी ठेवावी. धमकी आवाज न चढवताही देता येते, हे ऐकायचं असेल तर ही फीत ऐका. छापील भाषणात हे सापडत नाही. आपल्या या मालिकेचा सगळा खटाटोप आहे तो एवढ्याचसाठी.

महिनाभराने, २८ सप्टेंबर १९५८ ला, मतदान झालं. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींपैकी एकट्या गिनीने 'नाही' म्हटलं, तेही पंचाण्णव टक्क्यांच्या वर मतांनी. २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. हो, आपल्या गांधी जयंतीच्या दिवशी. मग फ्रेंच गेले. ते कसे गेले याच्या हकीकती तुरेच्या देशात आजही सांगतात. फायली नेल्या किंवा जाळल्या, टेलिफोन उपटले, औषधांचे साठे हलवले. डॉक्टर, शिक्षक, अभियंते सगळे एकदम निघाले. पुढे गिनीने स्वतःचं चलन काढलं तेव्हा ते खिळखिळं करायला फ्रेंच गुप्तहेर खात्याने खोट्या नोटा छापून पसरवल्या, हेही आता जगजाहीर आहे.

अशा देशाच्या सरकारने पहिल्या काही महिन्यांत काय करावं? तुम्ही म्हणाल धान्य, दवाखाने, रस्ते. तेही झालंच असेल. पण सुरुवातीच्या निर्णयांपैकी एक होता तो नाचगाण्याच्या बँडांबद्दल. देशातले सगळे खाजगी वाद्यवृंद बरखास्त करण्यात आले. हे बँड हॉटेलांत आणि क्लबांत युरोपियन साहेबांसाठी टँगो, वॉल्ट्झ, फ्रेंच गाणी वाजवत. आता ते बंद. रेडिओवर फ्रेंच गाणी लावायची नाहीत असाही हुकूम निघाला.

आता इथे मराठी माणसाच्या कानाला काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. १९५२ मध्ये आपल्याकडे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मूळ पुण्याचे. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. हार्मोनियमवर तर आधीपासूनच, १९४० पासून, बंदी होती. नव्या देशाचा कान घडवायचा, शास्त्रीय संगीत घराघरात न्यायचं हा हेतू. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. 'बिनाका गीतमाला' घरोघरी गेली ती याच काळात. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. केसकरांची थट्टा आपण पुष्कळ केली आहे. मीही केली आहे. पण गिनीची गोष्ट वाचल्यावर मला वाटू लागलं की त्यांची चूक बंदी घालण्यापेक्षा वेगळ्याच जागी होती. काय वाजवायचं नाही हे त्यांनी सांगितलं, पण तरुण पोरांनी त्याऐवजी काय वाजवावं, कशावर वाजवावं आणि पोट कसं भरावं याची पुरेशी तजवीज झाली नाही. सेकू तुरेच्या सरकारने ती केली.

१९५९ मध्ये देशातले उत्तम वादक एकत्र करून एक राष्ट्रीय वाद्यवृंद उभा केला. नाव 'सिली ऑर्केस्त्र नास्योनाल'. त्यांना सॅक्सोफोन, ट्रम्पेट, इलेक्ट्रिक गिटार सरकारने आणून दिली आणि सांगितलं की वाद्यं परदेशी चालतील, गाणं मात्र आपलं पाहिजे. खेड्यात आजोबा काय वाजवत होते ते शोधा, ते या वाद्यांवर बसवा. पुढे हेच वादक जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले, तिथल्या पोरांना शिकवायला. देशात तीसहून अधिक विभाग होते. प्रत्येक विभागाचा एक वाद्यवृंद, एक पारंपरिक वाद्यांचा संच, एक नृत्यपथक, एक नाटक मंडळी. त्यांच्या स्पर्धा व्हायच्या आणि विभागातून निवडून आलेले कोनाक्रीला जायचे. आपल्याकडच्या राज्य नाट्यस्पर्धेला ज्यांनी धडपडत जिल्ह्याच्या गावाहून ट्रकमधून नेपथ्य नेलं असेल, त्यांना हे वातावरण वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की गिनीत जिंकणाऱ्या वादकांना सरकारी पगार मिळे. गिटार वाजवणं ही तिथे नोकरी होती.

बेला नावाचं एक गाव आहे. देशाच्या आग्नेय टोकाला, जंगलाच्या मुलखात, राजधानीपासून फार लांब. तिथल्या नदीचं नाव बेम्बेया. १९६१ मध्ये तिथे असा एक विभागीय वाद्यवृंद निघाला आणि नदीचं नाव घेऊन 'बेम्बेया जाझ' झाला. स्पर्धा जिंकत जिंकत १९६६ मध्ये त्याला राष्ट्रीय वाद्यवृंदाचा दर्जा मिळाला. त्यांचा गायक देम्बा कामारा, गिटारवाला सेकू दियाबाते. हा दियाबाते जेली घराण्यातला. जेली म्हणजे पिढीजात गाणारे, वंशावळी पाठ असणारे, राजांच्या पराक्रमाची कवनं करणारे लोक. फ्रेंच लोक त्यांना ग्रिओ म्हणतात. या घराण्यांची वाद्यं म्हणजे एकवीस तारांचा कोरा आणि बालाफोन. बालाफोनमध्ये लाकडी पट्ट्या असतात, खाली भोपळे बांधलेले असतात आणि काठ्यांनी वाजवतात. दियाबातेची गिटार ऐकताना सुरुवातीला मला उगाच वाटायचं की पोराची बोटं घाईत आहेत. नंतर कोणाचा तरी बालाफोन ऐकला आणि उलगडा झाला. तो गिटारवर बालाफोन वाजवत होता. काठ्यांचे टोले तारांवर उतरवले होते. सरकारी परिपत्रकात लिहिलेलं 'आपलं संगीत नव्या वाद्यांवर' हे कलम म्हणजे प्रत्यक्षात या माणसाची दहा बोटं.

१९६५ मध्ये हे लोक क्यूबाला गेले होते. तिथे देम्बा कामाराने आबेलार्दो बारोसो या जुन्या क्यूबन गवयापुढे त्याचंच गाणं गायलं आणि म्हातारा रडला, अशी गोष्ट सांगतात. खरीच असावी. क्यूबाचं संगीत मुळात आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनीच घडवलेलं, त्यामुळे माहेरचं कोणी दारात आल्यावर व्हायचं तेच झालं असणार.

आता तबकड्यांकडे येऊ. साठच्या दशकाच्या सुरुवातीला टेम्पो नावाच्या अमेरिकन कंपनीने गिनीच्या संगीताची एक मालिका काढली होती, 'नव्या राष्ट्राचे नवे आवाज' अशा अर्थाच्या फ्रेंच नावाची. पण स्वतःची कंपनी असावी ही ओढ होतीच. ती १९६७-६८ च्या सुमारास निघाली आणि नाव ठेवलं सिलीफोन. सुसू भाषेत सिली म्हणजे हत्ती. हत्ती हे तुरेच्या पक्षाचं चिन्ह, तुरेचंही टोपणनाव, आणि सत्तरच्या दशकात चलनाचंही नाव. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर हत्ती. ध्वनिमुद्रण कोनाक्रीच्या सरकारी रेडिओच्या स्टुडिओत व्हायचं. रेडिओचं नाव 'क्रांतीचा आवाज'. १९८४ पर्यंत सिलीफोनने दीडशेच्या आसपास तबकड्या काढल्या. संख्या मोठी नाही. पण सेनेगलपासून काँगोपर्यंतच्या पुढच्या गवयांनी त्यांच्यातून काय काय उचललं याचा हिशोब अजून चालू आहे.

केलेतिगी आणि बाला यांचे दोन वाद्यवृंद, जे त्या मूळ राष्ट्रीय वृंदातून फुटून निघाले, त्यांच्याबद्दल मी इथे फार बोलत नाही. रात्री ऐकायच्या चिजा आहेत, ऐका. 'आमाझोन' हा तर पोलीस दलातल्या बायकांचा बँड, गिटार आणि ड्रमसकट सगळं बायकांच्या हाती, १९६१ पासून. सोरी कान्दिया कुयाते नावाचा गवई होता, त्याचा आवाज मात्र न ऐकता पुढे जाऊ नका. त्याच्या तबकडीला १९७० मध्ये फ्रान्समध्ये शार्ल क्रो अकादमीचं मोठं पारितोषिक मिळालं. ज्यांनी टेलिफोन उपटून नेले त्यांच्याच देशात, बारा वर्षांनी.

मला थांबायचं आहे ते एका तबकडीवर. नाव 'रगार सुर ल पासे', म्हणजे भूतकाळावर एक नजर. बेम्बेया जाझची. दोन्ही बाजू मिळून एकच रचना, पाऊण तासाला थोडी कमी. विषय सामोरी तुरे. हा एकोणिसाव्या शतकातला सेनानी. त्याने स्वतःचं राज्य उभं केलं, घोडदळ बांधलं, आपल्या लोहारांकडून बंदुका करवून घेतल्या आणि फ्रेंचांशी सोळा-सतरा वर्षं लढत राहिला. रेटा वाढला तसं आपलं राज्यच पूर्वेकडे हलवत नेलं. २९ सप्टेंबर १८९८ ला पकडला गेला. फ्रेंचांनी त्याला गाबोनमध्ये हद्दपार केलं, तिथे १९०० मध्ये तो वारला.

तारखा बघा. पकडला गेला २९ सप्टेंबर १८९८ ला आणि गिनीने 'नाही' म्हटलं २८ सप्टेंबर १९५८ ला. साठ वर्षांना एक दिवस कमी. शिवाय सेकू तुरे स्वतःला सामोरीचा पणतू सांगत असे. असा योग हातचा कोण सोडेल? १९६८ मध्ये, स्वातंत्र्याच्या दशकपूर्तीला, सामोरीच्या अस्थी गाबोनहून परत आणल्या. त्याच सुमारास ही रचना उभी राहिली आणि १९६९ मध्ये अल्जीयर्सच्या अखिल आफ्रिकी महोत्सवात तिला रौप्यपदक मिळालं.

ऐकताना काय होतं सांगतो. गिटार आणि बालाफोनची एक संथ लय चालू राहते. तिच्यावर एक माणूस बोलतो, गात नाही, बोलतो. फ्रेंचमध्ये कथा सांगतो. मधेच मानिन्का भाषेतलं गाणं वर येतं, ट्रम्पेट घुसतात, पुन्हा सगळं खाली बसतं आणि निवेदक पुढचा प्रसंग उचलतो. मी पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं तेव्हा तोंडून निघालं, अरे, हा तर पोवाडा! डफ आणि तुणतुण्याच्या जागी इलेक्ट्रिक गिटार, झिलकऱ्यांच्या जागी ट्रम्पेट, पण शाहीर तोच. गद्य आणि पद्याची तीच अदलाबदल, श्रोत्याला प्रसंगात ओढून न्यायची तीच रीत. जेली लोक हे काम शतकानुशतकं करत आले होते, फक्त मालक बदलला. आधी राजा, आता प्रजासत्ताक.

आणि शाहिराचा इतिहास तो शाहिराचाच इतिहास, हेही लक्षात ठेवायला हवं. सामोरीने घोडे आणि बंदुका विकत घेतल्या त्या काही अंशी पकडलेली माणसं गुलाम म्हणून विकून. त्याच्या घोडदळाखाली आलेल्या गावांच्या वंशजांना आजही त्याचं नाव गोड लागत नाही. स्वतःच्या मुलाला, करामोकोला, फ्रेंचांशी जुळवून घ्या असं म्हणतो म्हणून त्याने ठार केलं. गौरवगाथेला अशा गोष्टी अडचणीच्या असतात. हे सांगून मी तबकडीची किंमत कमी करत नाही. माझ्या मते विसाव्या शतकातल्या आफ्रिकेच्या थोर ध्वनिमुद्रणांत ती आहे. पण ती १८९८ चा पुरावा म्हणून ऐकायची नाही, १९६८ चा म्हणून ऐकायची.

१९६८ ला गिनीत आणखी काय चाललं होतं ते आता सांगतो.

फोदेबा केता हे नाव लक्षात ठेवा. कवी, नर्तक, संगीतकार. स्वातंत्र्याच्या आधी पॅरिसमध्ये त्याने 'बाले आफ्रिकें' हे नृत्यपथक काढलं आणि जगभर नेलं. फ्रान्झ फॅनॉनने आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्याची एक दीर्घ कविता घेतली आहे. पुढे तो मायदेशी परतला, गिनीच्या राष्ट्रगीताचं संगीत त्याने बांधलं आणि तो मंत्री झाला. गृहखातं त्याच्याकडे, नंतर संरक्षण. कोनाक्रीत कॅम्प बोआरो नावाची जी छावणी पुढे तुरुंग म्हणून कुप्रसिद्ध झाली, तिच्या उभारणीत त्याचाच हात होता. १९६९ मध्ये कटाच्या आरोपावरून त्याला पकडलं, त्याच तुरुंगात डांबलं आणि मे महिन्यात मारलं. म्हणजे अल्जीयर्सला बेम्बेयाचं पदक आणि कोनाक्रीत फोदेबाचा मृत्यू, एकाच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने.

तो एकटा नव्हता. आफ्रिकी एकता संघटनेचा पहिला सरचिटणीस दियालो तेली गिनीचाच. १९७७ मध्ये बोआरोत तो उपासमारीने मेला. तिथे कैद्याला अन्न आणि पाणी दोन्ही बंद करून मारण्याची एक रीत होती, तिला 'काळा आहार' म्हणत. या भागाच्या व्हिडिओत मी इथे थोडा वेळ गप्प बसलो होतो, संकलकाने ते कापलं. बरोबरच केलं.

भीतीला निमित्त नव्हतं असं नाही. २२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री पोर्तुगीज सैनिक आणि देश सोडून गेलेले गिनीचे विरोधक समुद्रातून कोनाक्रीत उतरले. शेजारच्या पोर्तुगीज गिनीच्या मुक्तिलढ्याचं मुख्यालय कोनाक्रीत होतं, त्याचा नेता आमील्कार काब्राल यांना हवा होता. गोव्याच्या वाचकांना इथे एक धागा जोडता येईल. पोर्तुगीज वसाहतींमधल्या मुक्तिचळवळींची एकजूट १९६१ च्या एप्रिलमध्ये कासाब्लांकाला झाली, तेव्हा गोवा अजून पोर्तुगालकडे होता आणि त्या एकजुटीच्या कामात आक्विनो द ब्रागांसा हा बार्देशचा माणूस होता. काब्रालच्या पक्षाचा रेडिओ कोनाक्रीतूनच बोलायचा. त्यावर आमेलिया आराउजो नावाची बाई पोर्तुगीज शिपायांना त्यांच्याच भाषेत सांगायची की तुम्ही कुठल्या खोट्या लढाईत मरता आहात. शिपायांनी तिचं टोपणनाव पाडलं होतं. ऐकायचे सगळे, चोरून.

हल्ला फसला, पण तुरेचा संशय त्यानंतर कुठे थांबला नाही. १९७६ मध्ये त्याने फुला समाजाला उघड लक्ष्य करणारी भाषणं केली. फुला म्हणजे देशातला एक सगळ्यात मोठा समाज, दियालो तेली त्यांच्यातला. तो १९५८ चा चढता आवाज आणि हा, माणूस एकच. पहिल्या आवाजावर जीव जडलेल्या माणसाला दुसरा ऐकवत नाही, पण ऐकायला लागतो. सिलीफोनच्या तबकड्यांची यादी याच जोडीने वाचायची. मानिन्का भाषेतली गाणी भरपूर, सुसूतली बरीच, फुला भाषेतली फारच थोडी. कोणाला गाऊ दिलं नाही हे कुठल्याही तबकडीवर छापत नाहीत, ते यादी मोजून काढावं लागतं.

मग हे संगीत ऐकावं की नाही? मला हा प्रश्न व्हिडिओखाली अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. मी ऐकतो. दियाबातेच्या बोटांनी कोणाला तुरुंगात टाकलं नाही. पण पगार कोण देत होतं आणि गाण्याच्या शेवटी अध्यक्षांचं नाव का येतं, हे माहीत असलेलं बरं. मिरियम मकेबासारखी बाई, जिला दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने मायदेशाची दारं बंद केली होती, तिला याच राजवटीने आसरा दिला. तिने सिलीफोनसाठी गाणी मुद्रित केली, गिनीची प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रांत भाषणं केली आणि १९८५ मध्ये आपली एकुलती मुलगी कोनाक्रीच्याच मातीत पुरली. तिच्या डोळ्यांनी पाहिलेली गिनी आणि फोदेबाच्या कोठडीतून दिसलेली गिनी, दोन्ही खऱ्या आहेत. यापुढे मला उत्तर येत नाही.

२६ मार्च १९८४ ला तुरे अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या रुग्णालयात वारला. आठवडाभरात लष्कराने सत्ता घेतली. सिलीफोन संपलं. वादकांचे पगार थांबले. दुसऱ्या वर्षी, जुलै १९८५ मध्ये, नव्या राजवटीविरुद्ध उठाव झाला, त्यात रेडिओच्या इमारतीवर तोफा डागल्या गेल्या. तबकड्यांचा सरकारी संग्रह तिथे होता, तो गेला. सत्तेसाठी भांडणारे पहिल्यांदा रेडिओ केंद्रच का गाठतात हे आपल्याला कळतं. पण रेडिओ केंद्रात नुसता माइक नसतो, फडताळंही असतात.

सुदैवाने सगळं एका जागी नव्हतं. रेडिओच्या फडताळांत चुंबकीय फितींची रिळं शिल्लक होती. कोनाक्रीचं हवामान म्हणजे आपल्या कोकणाचं भावंड, वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस. अशा हवेत फितीवरचा लेप चिकट होतो, सुटतो, रीळ यंत्रावर चढवलं की खरवडून निघतो. रत्नागिरीकडच्या घरात ज्यांनी जुन्या कॅसेट ठेवल्या असतील त्यांना तो आंबूस वास माहीत असेल.

ग्रेम काउन्सेल नावाचे ऑस्ट्रेलियन संगीत अभ्यासक ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दफ्तरांच्या योजनेतून २००८ मध्ये कोनाक्रीत आले. आधी त्यांनी ठिकठिकाणच्या संग्राहकांकडून सिलीफोनच्या तबकड्या जमवून ती यादी पुन्हा जुळवली. मग रेडिओतली रिळं उघडायला सुरुवात केली आणि कळलं की छापलेल्या तबकड्या म्हणजे हिमनगाचं टोक. रिळांवर कधीच प्रसिद्ध न झालेली गाणी होती, हजारोंनी. २००९ मध्ये काम चालू असताना २८ सप्टेंबरला, हो, पुन्हा तीच तारीख, कोनाक्रीच्या त्याच नावाच्या मैदानात लोकशाही मागायला जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या घातल्या. दीडशेच्या वर माणसं मेली. काम अर्धं सोडावं लागलं. ते पुढे २०१२-१३ मध्ये पूर्ण झालं. एकूण नऊ हजारांहून अधिक गाणी संगणकावर आली. त्यांत फुला गाणीही होती. गायली गेली होती, मुद्रितही झाली होती, फक्त तबकडीपर्यंत पोचली नव्हती.

इथे एक कबुली. आमच्याकडे एक कॅसेट होती, वडिलांनी आजीच्या ओव्या भरलेली. आजी दळताना नाही, तशीच पायरीवर बसून म्हणत होती, पण जवळजवळ तासभर. १९८६ मध्ये मला रेडिओवरचं एक सिनेमाचं गाणं टेप करायचं होतं आणि कोरी कॅसेट नव्हती. तोडलेल्या खाचेवर कागदाचा बोळा कोंबून मी काम भागवलं. वडील काही बोलले नाहीत. कॅसेट अजून आहे. गाणी संपल्यावर शेवटी साधारण चार मिनिटं आजी आहे. त्यामुळे कोनाक्रीच्या रेडिओतल्या कुठल्याशा कारकुनाने गरिबीच्या वर्षांत रिळं पुसून पुन्हा वापरली नाहीत, ती तशीच फडताळात राहू दिली, याचं मोल मला काउन्सेल यांच्या कामाइतकंच वाटतं.

ही गाणी ब्रिटिश लायब्ररीच्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येत होती. मी रोज रात्री चार-पाच ऐकायचो, यादीत खुणा करायचो. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी त्या ग्रंथालयाच्या संगणकांवर मोठा हल्ला झाला आणि एका सकाळी पान उघडेना. नंतर कित्येक महिने ही दालनं बंदच होती. तोफेचा गोळा न लागताही फडताळ बंद पडू शकतं ते असं. एक गोष्ट मात्र त्या योजनेत आधीपासून शहाणपणाची होती: मूळ रिळं देशातच ठेवायची आणि संगणकीय प्रतीही त्या देशात ठेवायच्या. कोनाक्रीत त्या आहेत.

तुम्हाला ऐकायचं असेल तर क्रम सांगतो. सिलीफोनच्या बऱ्याच तबकड्या पुढे सीडीवर आल्या, आता इंटरनेटवरही सहज मिळतात. आधी सोरी कान्दिया कुयाते, दिवसा, मोठ्याने. मग 'आमाझोन'. 'रगार सुर ल पासे' एका बैठकीत, मधे न उठता. देम्बा कामारा १९७३ मध्ये डाकारमध्ये मोटार अपघातात गेला, त्याच्या आधीचं आणि नंतरचं बेम्बेया वेगळं ऐकू येतं, ते पारखून बघा. तुरे आणि द गॉल यांची २५ ऑगस्टची भाषणं त्यानंतर.

मी स्वतः सगळ्यात शेवटी राष्ट्रगीत लावतो. त्याचं नाव 'लिबेर्ते', स्वातंत्र्य. चाल मूळची आल्फा याया या राजाच्या स्तुतीची. तो लाबेचा, फुला, यालाही फ्रेंचांनी हद्दपार केलं, हद्दपारीतच तो वारला आणि त्याच्याही अस्थी १९६८ मध्ये सामोरीबरोबरच घरी आल्या. चाल बँडवर बसवली फोदेबा केताने. फोदेबाला मारलं त्या वर्षीही ती बदलली नाही, १९८४ मध्ये नाही, १९८५ मध्ये नाही. फुटबॉलच्या सामन्याआधी आजही तीच वाजते.